शॅकल पुढं की मागं

श्रावण अर्ध्यावर आला की पेणमधली वाहतूक आपोआप मंदावते. हमरापूर-जोह्याकडून मूर्तींचे टेम्पो निघायला लागतात. आत भाताचा पेंढा, त्यावर प्लॅस्टिकखाली दाटीवाटीनं बसलेले गणपती, आणि चालवणारा असा चालवतो की मागं दिवस भरलेली बाई बसली असावी. खड्डा दिसला की टेम्पो जवळजवळ थांबतो. एक चाक उतरतं, मग दुसरं. मागचे हॉर्न वाजवतात. मी वाजवत नाही, त्याच्याच वेगानं त्याच्यामागं चालत राहतो. माझ्या बाजूच्या सीटवर कुणी नसतं. तरी खड्डा आला की माझा डावा हात आपोआप त्या सीटकडं जातो, कुणाला तरी धरायला.

या दिवसांना बाकीच्यांसाठी धूप-अगरबत्तीचा वास असेल. मला ओल्या शाडूचा येतो, आणि वेल्डिंगच्या धुराचा.

रंजना माझी बायको. रोह्यापलीकडच्या डोंगरात, अगदी वरच्या वाडीतली. मी पेणचा, नोकरी रोह्याच्या कंपनीत, शिफ्टची. आम्हाला मूलबाळ नाही. त्याचं दुःख सुरुवातीला फार झालं, मग त्याच्या जागी हळूहळू एक जुनी जीप आली. रविवारी चिखलात, ओढ्यात, दगडांत ती घालायची, अडकवायची, काढायची, असा आमचा नाद. मी चालवायचो आणि रंजना बाजूला बसून वाट सांगायची. चढावर चालवणाऱ्याला समोर फक्त बॉनेट आणि आभाळ दिसतं. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून चाक बघायची. "डावं घ्या. अजून. अजून वो, घाबरताय काय? हां, बास." डोंगरात वाढलेल्या बाईला दगड कळतात. आमच्यासोबतचे जीपवाले म्हणायचे, गाडी वहिनी चालवतात, हा नुसता स्टिअरिंग धरून बसतो.

पण त्या जीपला तिच्या माहेरचा चढ कधीच जमला नाही. पुढची दोन्ही चाकं वेगवेगळ्या लोखंडी हातांवर बसवलेली. एक चाक खड्ड्यात गेलं की पोट दगडाला टेकायचं. दोन वळणांनंतर कातळाची एक उभी पायरी होती. तिथं एकदा चाकाचा खालचा हात असा वाकला की गाडी ओढून खाली आणावी लागली. तेव्हाच ठरवलं, पुढचं सगळं काढून टाकायचं आणि ट्रकसारखा एकसंध लोखंडी एक्सल घालायचा, स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेला. अस्लमभाईंच्या गॅरेजमध्ये काम सुरू झालं. ते माझ्यापेक्षा वयानं मोठे, बोलायला कमी. एक्सल आला, पाटे आले. आणि त्याच सुमारास रंजना कंबर दुखते म्हणायला लागली.

पुढचं सांगायला मला अजून शब्द सापडत नाहीत, म्हणून सरळ सांगतो. आजार छातीत सुरू झाला होता आणि कळेपर्यंत हाडांत उतरला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी काळे फोटो उजेडासमोर धरले आणि तिच्या मणक्यांकडं बोट दाखवलं. हाडं ठिसूळ झाली आहेत, म्हणाले. धक्का बसता कामा नये. एखादा जोराचा धक्का आणि पाय कायमचे जातील. बरं होण्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

परतताना नागमोडी घाट नव्हता, साधा सरळ हायवे होता, तरी मी इतका हळू चालवत होतो की रिक्षा पुढं जात होत्या. पेण जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "मला आयेकडं जायचंय."

तिची आई वाडीत एकटी राहते. काही वर्षांपूर्वी पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा तिला डोलीत घालून खाली आणलं होतं, आणि त्या उतरणीतल्या यातना ती विसरली नाही. हाड वेडंवाकडं जुळलं. तेव्हापासून ती बसून सरकत सरकत घरात फिरते, चुलीशी बसून रांधते, आणि डोंगर उतरणार नाही म्हणते तर नाहीच. मी म्हटलं, आपण काहीतरी करून आयेला खाली आणू. रंजनानं मान हलवली. "मला आये नुसती बघायची नाय. मला ती तिच्या घरात बघायची हाय."

मग डोली? वाडीतल्या पोरांनी आपण होऊन निरोप पाठवला होता, ताईला आम्ही खांद्यावरनं आणू. तिनं तेही मोडून काढलं. "डोलीत एक तर अडलेल्या बाईला नेतात, नाय तर मेलेल्या माणसाला. मी दोन्ही नाय. मी माझ्या गाडीनं जाईन."

गाडी तर गॅरेजमध्ये पोट उघडून उभी.

पाट्याचं एक टोक चासीला पक्कं बांधतात. दुसरं मोकळं ठेवावं लागतं, कारण दबला की पाटा लांबतो, आणि त्या लांबीला कुठंतरी जागा लागते. त्या मोकळ्या टोकाला एक झुलती जोडपट्टी असते, तिला शॅकल म्हणतात. झोपाळ्याच्या कडीसारखी. हे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला लावायचं की मागच्या, यावर जीपवाले लोक चहावर चहा पीत भांडू शकतात. आमचं भांडून झालं होतं. पुढं लावायचं ठरलं होतं, कारण जुन्या जीपांना तसंच असतं, काम सोपं होतं आणि चढाला चाक दगडाला घट्ट धरून राहतं. अस्लमभाईंनी ब्रॅकेट तसे वेल्डही केले होते.

त्या दिवसांत घरी रंजना कमरेला पट्टा बांधून पाटावर ताठ बसलेली असायची आणि माझ्याकडून सगळं समजून घ्यायची. एकदा माझा हात हातात घेऊन माझा तळवा दगड केला, आपली मूठ चाक केली. "आता सांगा. चाक दगडाला आपटलं की कुठं जातं?"

मी सांगितलं. शॅकल पुढं असलं की चाक वर उचलताना थोडं पुढं ढकललं जातं, म्हणजे दगडावरच चाल करून जातं. मागं असलं की वर उचलताना थोडं मागं सरतं.

"म्हणजे वाट देतं."

"हो. वाट देतं."

"मग मला ते हवं," ती म्हणाली. साडीचा रंग निवडावा तसं.

पण वेल्डिंग झालेलं होतं. तापवून कापलं, परत जोडलं, की चासी कमजोर होते. अस्लमभाई म्हणाले, "एकदा कापीन. दुसऱ्यांदा मला सांगू नको, प्रकाश. आधी आहे तशी जोडून देतो, वर नेऊन बघ. चालत असेल तर कशाला हात लावायचा?"

नेऊन बघायची, पण बघायचं कसं? मला काहीच होणार नव्हतं. तिला होणार होतं. हे मी दत्ताजवळ बोललो. दत्ता माझा शाळेतला मित्र, जोह्याला त्याचा मूर्तींचा कारखाना. हंगाम ऐन भरात होता. बायका ओळीनं बसून डोळे रंगवत होत्या, दत्ताच्या भुवयांवर पांढरी पूड. त्यानं ऐकून घेतलं, आत गेला, आणि शाडूची एक कच्ची मूर्ती दोन्ही हातांवर घेऊन आला. न रंगवलेली. मुकुटाला टवका उडालेला, म्हणून बाजूला ठेवलेली.

"हिची बोटं बघ," तो म्हणाला. "आशीर्वादाच्या हाताची. टेम्पो आपटला की पहिली ती जातात. हिला बसव वहिनीच्या जागेवर."

मी मागं सरलो. गणपतीला असं?

"अजून देव नाय झालेला, माती हाय ती," दत्ता म्हणाला. मग आवाज उतरला. "आनि देव असता तरी वहिनीसाठी नाय म्हनला नसता."

ती मूर्ती घरी आणली तेव्हा रंजना कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. तिनंच आपली उशी सीटवर ठेवायला लावली, आपली जुनी सुती साडी मूर्तीभोवती गुंडाळून दिली, वरून बेल्ट बांधायला लावला. अंगणात खुर्चीवर बसून सूचना देत होती. निघताना मूर्तीला म्हणाली, "घाबरू नको रे. वाट मी सांगितली असती, पन आज यांचं ऐक."

दत्ता आणि मी गेलो. खालचा चिखल गाडीनं सहज तोडला; नवा एक्सल उंच होता, पोट कुठंच टेकलं नाही. पायरीपाशी आलो. चाक कातळाला लागलं, चढायला धजेना, मग जोर दिला तेव्हा धाडकन चढलं. तो आवाज माझ्या दातांत बसला. वर थांबून साडी सोडली. आशीर्वादाचा हात मनगटापासून तुटून सीटवर पडला होता.

 दत्तानं तो हात रुमालात बांधला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि मला पहिल्यांदा दिसलं, डॉक्टर काय सांगत होते ते.

अस्लमभाईंनी ब्रॅकेट कापले. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या आणि बाहेर पावसाची झड. पाट्यांचं पुढचं टोक चासीला पक्कं केलं, शॅकल मागं नेलं. चाक मागं सरलं की इंजिनाचा जोर पुढच्या एक्सलला पोचवणारा शाफ्टही आत सरकायला हवा, तर त्याला जास्त जागा असलेला दुसरा शाफ्ट शोधून आणला. पाट्यांच्या थप्पीतला एक पाटा काढून टाकला, गाडी मऊ व्हावी म्हणून. प्रत्येक वेल्डवर अस्लमभाई हातोडी मारून कान देत होते. काम झाल्यावर म्हणाले, "एक ध्यानात ठेव. चढताना ही ऐकेल. उतरताना ब्रेक मारलास की नाक खाली टाकेल. उतरण सांभाळ."

मी हे रंजनाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "उतरायचं मग बघू."

दत्तानं दुसरी मूर्ती दिली. या वेळी टायरची हवाही कमी केली. पायरीशी चाक लागलं, एक क्षण मागं सरल्यासारखं झालं, आणि मग वर आलं, पाण्यातून म्हैस बाहेर येते तसं. साडी सोडली. बोटं शाबूत होती. पाचही. दत्ता भर पावसात चिखलात मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी रडलो नाही. मला घरी जाऊन तिला सांगायची घाई झाली होती.

आता वाटतं, तो माझ्या आयुष्यातला शेवटचा निखळ आनंद.

आम्ही निघालो त्या दिवशी उघडीप होती. डोंगर असे हिरवे की डोळ्यांना झोंबावेत. दत्ता पुढं चालत होता, पायरीशी दगड रचत. रंजनाचा चेहरा पांढरा पडला होता, पण ओठ चालू होते. "डावं. अजून. त्या काळ्या दगडावर घाला चाक, भुऱ्यावर नको, तो हलतो." तिला खिडकीतून वाकता येत नव्हतं, दगड ती आठवणीनं सांगत होती. पायरीवर गाडी चढली तेव्हा तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. धक्का लागला, पण लांबून आल्यासारखा. तिनं श्वास सोडला. "दिली बघा वाट," म्हणाली.

आये दारात सरकत आली होती. तिनं हात वर केले. तिला उठता येत नव्हतं, हिला वाकता येत नव्हतं. दोघींना एकमेकींना पोचायचं कसं तेच कळेना. शेवटी मी आणि दत्तानं रंजनाला हळूहळू, पाठ सरळ धरून, ओसरीवर आयेशेजारी बसवलं.

"आलीस गो?" आये म्हणाली.

"आले आये."

"रोडावलीस."

"तू पन."

आणि दोघी हसायला लागल्या. मी बायकोला इतक्या वर्षांत त्या आवाजात हसताना ऐकलं नव्हतं. तो फार जुना आवाज होता, माझ्या आधीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी वळवून उभी केली. उशी झटकली. रंजना ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, आये मागं बसून औषधांनी गळून उरलेल्या तिच्या केसांना तेल लावत होती. मी म्हटलं, निघू या, पाऊस भरून येईल.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी नाय उतरत आता."

मला आधी वाटलं, उतरणीची भीती. मी समजावायला लागलो, दोर बांधतो, ब्रेकला पाय लावणार नाही, इंजिनावरच उतरवतो. तिनं ऐकून घेतलं. मग आयेला म्हणाली, जरा आत जा गो. आये सरकत आत गेली.

"अवो, उतरणीचं नाय. तुम्ही उतरवाल, मला ठावं हाय." ती थांबली. बोलताना तिला धाप लागायची. "तुमच्याकडं मी आजारी हाय. तुम्ही माझ्याकडं बघता नि तुमचं तोंड पडतं, मग मला तुम्हाला सांभाळावं लागतं. इथं आये मला भाजी चिरायला लावते. भात गिचका झाला म्हणून बोलते. मला इथं ऱ्हाऊ द्या."

"आणि मी?" मी म्हटलं. याहून शहाणं काही सुचलं नाही.

 "तुम्हीच तर आणलंत," म्हणाली. आणि मग, "या ना मधून मधून."

मी तिच्याशिवाय उतरलो. दत्ता बाजूला बसायला तयार होता, मी त्याला मागं बसवलं. प्रत्येक दगडावर गाडीनं नाक खाली टाकलं.

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी वर जायचो. औषधं, फळं, पेणचे पोहे घेऊन. शिफ्ट संपवून रोह्याहून थेट निघायचो. तिच्या दुखण्याच्या गोळ्या वाढत होत्या, अंग कमी होत होतं, पण तोंड कधी पडलेलं दिसलं नाही. मायलेकी दिवसभर भांडायच्या. चुलीत लाकूड जास्त घातलं म्हणून, कोंबडी आत आली म्हणून. मी गेलो की दोघी गप्प व्हायच्या आणि मला चहा द्यायच्या, कपबशीतून. त्या घरात कपबशी पाहुण्याला देतात. ती मला गाडीचं विचारायची, दत्ताचं, कंपनीचं. मी सांगायचो. अंधार पडायच्या आधी तीच म्हणायची, निघा आता. मी उतरायचो आणि पेणला आमच्या घरात दिवा लावायचो. नीट केलेली गाडी दारात उभी. कधीकधी मी तिच्याकडं बघत बसायचो आणि मनात यायचं ते फार वाईट होतं: पायरी चढली नसती, तर रंजना आत झोपलेली असती.

लोक हे ऐकतात तेव्हा म्हणतात, किती प्रेम केलंत हो. मला त्यांना सांगता येत नाही की त्या महिन्यांत मला तिचा राग यायचा. रागानं मी चढ चढायचो. वर पोचलो की तिचं मनगट दिसायचं, आणि राग कुठल्या कुठं जायचा. मग उतरताना परत यायचा.

भातकापणी सुरू होती. डोंगराच्या उतारावरचं भात पिवळं झालं होतं, खळ्यांवर झोडणी चालू होती. मी पहिल्या शिफ्टला होतो. वाडीत मोबाईल लागत नाही. दूध घालायला खाली येणारा माणूस रोह्यात येऊन गेटवर निरोप ठेवून गेला. मी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. तिला ओसरीवर घेतलं होतं. वेणी घातलेली होती, घट्ट, शाळेतल्या मुलीसारखी. कामं टाकून माणसं आली होती, त्यांच्या अंगाला भाताचं कुसळ चिकटलेलं. तिचं सगळं वाडीतच केलं. मी तिला खाली आणायचं म्हटलंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो रस्ता झाला. सिमेंटचा, नाल्यांवर मोऱ्या टाकून. पायरी फोडली, तिची खडी त्याच रस्त्यात गेली. आता वाडीपर्यंत रिक्षा जाते. दत्तानं पहिल्यांदा पाहिला तेव्हा शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही. जीपला अधूनमधून गिऱ्हाईकं येतात. पोरं खाली वाकून बघतात, विचारतात, काका, शॅकल मागं का घेतलं, उतरताना त्रास नाय होत? मी म्हणतो, होतो.

आये अजून आहे. रस्ता झाला तरी उतरत नाही. श्रावण लागला की मी जास्त वेळा जातो. ओसरीवर ती जमिनीला, मी उंबऱ्याशी. फार बोलत नाही आम्ही. पण रंजना गेली त्या दिवशी, माणसं पांगल्यावर, मी आयेला विचारलं होतं, शेवटी काही म्हणाली का रंजना?

आयेनं मला नीट पाहून घेतलं होतं. माझ्या तोंडावर काय दिसलं असेल देव जाणे.

"तुमचं नाव घेतलं असं सांगू?" ती म्हणाली. "बरं वाटंल तुमाला. पन नाय घेतलं, जावय. माजंबी नाय घेतलं. पानी मागितलं. घोटभर पिली. मंग म्हनली, उजेड लय हाय. दुपार व्हती. मी दार लोटलं."

अजूनही विचारतो मी तिला, दर वर्षी, या दिवसांत. वेगळ्या शब्दांत, सहज आठवल्यासारखं. ती ओळखते. हातातलं काम बाजूला ठेवते आणि परत तेवढंच सांगते. पाणी, घोटभर, उजेड, दार. मी वाट बघत बसतो. ती एक शब्दही वाढवत नाही.